वाणाच्या बशा

बशी करायची ठरवली तेव्हा माझ्या डोक्यात बशी नव्हतीच, बाई होती. कोणती ते ठरायचं होतं. सिंगापूरच्या हौगांगात, म्हणजे आमच्याच भागात राहणारी, फोन उचलणारी आणि वेळ पडली तर माझ्या मुलीला शाळेतून घेऊन येईल अशी एक बाई. एवढ्यासाठी मला मातीकामात का पडावं लागलं ते सांगते. ऐकून कुणाचं भलं होईल असं नाही, पण एखादीचा पोळपाट तरी वाचेल.

किमयाच्या शाळेचं एक ॲप आहे. पोरीने अर्धं केळं टाकलं, दोनदा शिंकली, दुपारी झोपली नाही, सगळं त्यात कळतं. माझ्यासारख्या बाईच्या हातात असलं ॲप देणं म्हणजे खाज असलेल्याला खाजकुइलीची फांदी देणं. त्यातच 'मुलाला घरी नेऊ शकणाऱ्या व्यक्ती' असं एक पान आहे. पहिली व्यक्ती मी. दुसरी निशिकांत, म्हणजे माझा नवरा. तो मरीन इंजिनिअर असल्यामुळे वर्षातले बरेच महिने कुणालाच कुठूनही घरी नेऊ शकत नाही. त्या वेळी तो रिकामं जहाज घेऊन ब्राझीलच्या वाटेवर होता. तिसरी जागा मोकळी, आणि तिच्यापुढे लाल टिंब.

मुख्याध्यापिका मिस प्रिसिला मला दारातच गाठून म्हणाली, "किमया मम्मी, मस्ट हॅव वन मोर पर्सन, ओके? डॅडी ऑन द शिप. यू फॉल डाउन, देन हाउ?"

इथल्या शाळेत आईला नाव नसतं. ती अमक्याची मम्मी असते.

"आय वोन्ट फॉल डाउन," मी म्हटलं.

"एव्हरीबडी ऑल्सो से लाइक दॅट," ती म्हणाली, आणि चायनीज न्यू इयरच्या सुट्टीआधी नाव भरा असं सांगून गोड हसली.

त्या दिवसापासून मी भिंत धरून चालायला लागले. बाथरूममध्ये पाय सरकला तर? लिफ्ट अडकली तर? बाजारात घेरी आली आणि मी माशांच्या बर्फावर आडवी झाले तर? प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी एकच चित्र: व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, शाळेचं शटर खाली येतंय, आणि किमया पाठीला बेडकाचं दप्तर लावून बसली आहे. निशिकांतला हे सांगितलं तर सॅटेलाइटवरून त्याचं उत्तर आलं, "काही होत नाही." समुद्रावरच्या माणसाला जमिनीवर काय काय होतं याची कल्पना नसते.

शेजारच्या मिसेस क्वेकना विचारता आलं असतं. पण त्या अर्धा आठवडा पलीकडे मलेशियात, जोहोरला मुलीकडे असतात आणि उरलेला अर्धा कानातलं यंत्र काढून टीव्ही बघतात. राहिल्या आपल्या मराठी बायका. 'हौगांग सख्या' नावाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात मी आहे, म्हणजे कुणाचा वाढदिवस असला की केक टाकते आणि कुणी गेलं की हात जोडलेले टाकते. अशा ग्रुपवर एकदम 'मी मेले तर माझ्या मुलीला कोण आणेल?' असं कसं विचारणार? समोर बसवून, पारखून, मग एकीला बाजूला घेऊन विचारायला हवं. आणि बायकांना समोर बसवायचं तर जानेवारीत एकच कायदेशीर मार्ग आहे. मी संक्रांतीचं हळदीकुंकू जाहीर केलं.

आता हळदीकुंकू म्हटलं की वाण आलं. हळदीकुंकवाला येणाऱ्या सवाष्णीच्या हातावर काही तरी वस्तू ठेवायची. पूर्वी म्हणे वाटी-चमचा चालायचा. सिंगापूरमध्ये तो स्पर्धात्मक विषय आहे. आधीच्या वर्षी आमच्या मागच्या ब्लॉकमधल्या अनघाने प्रत्येकीच्या नावाची अक्षरं भरलेली कापडी पिशवी दिली होती. तेव्हापासून विकतचं वाण देणारीकडे लोक जरा दयेने बघतात. मला तर बायकांवर छाप पाडायची होती. म्हणजे हाताने केलेलं हवं. मग मी तो व्हिडिओ पाहिला.

पॉलिमर क्ले ही माती नाही, मऊ प्लास्टिक आहे. मळायचं, लाटायचं, पाकळ्या करायच्या, वाटीत घालून बशीचा आकार द्यायचा, ओव्हनमध्ये भाजायचं, की झाली अंगठ्या-कानातली ठेवायची फुलांची बशी. व्हिडिओतली बाई बोटांची टोकंही न मळवता, मागे पियानो वाजत असताना, हे सगळं करत होती. मला वाटलं, मळणं, लाटणं, भाजणं, हे आपण जन्मभर करतोय. हिला कुणी शिकवलं असेल? एम.कॉम.पर्यंत शिकलेली बाईसुद्धा अशा वेळी फसते ती शिक्षणामुळे नव्हे, पोळ्यांमुळे.

क्ले आलं ते विटेसारखं कडक. मी परातीत घेतलं आणि मळायला बसले. हलेना. तेवढ्यात ठाण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्या रोज किमयाला बघायला फोन करतात आणि किमया शाळेत असते म्हणून मला बघतात.

"कणीक फार घट्ट भिजवलीस," त्या म्हणाल्या.

"कणीक नाही आई, क्ले आहे. वाणासाठी."

"काही का असेना. तेलाचा हात लाव."

मी लावला. लावायला नको होता, पण सासूबाईंनी तेल सुचवलं आणि सुनेने ते लावलं नाही, असं आमच्या घराण्यात झालेलं नाही. गोळा मऊ झाला, मग बुळबुळीत झाला, मग हातातून निसटून सोफ्याखाली गेला आणि तिथून बाहेर आला तेव्हा त्याला माझे केस, किमयाचे क्रेयॉनचे तुकडे आणि बहुधा आधीच्या भाडेकरूंच्याही काही आठवणी चिकटलेल्या होत्या.

दुसरा गोळा बिनतेलाचा घेऊन मी पोळपाटावर लाटायला लागले. सासूबाई अजून फोनवर होत्याच.

"मधुवंती, हे खायचं आहे का?"

"नाही हो. प्लास्टिक आहे."

"प्लास्टिक? पोळपाटावर? माझ्या पोळपाटावर?"

पोळपाट त्यांनी लग्नात दिलेला, सागवानी. त्यांनी फोन ठेवला नाही, नुसता आडवा केला. बराच वेळ मला ठाण्याच्या घरातला पंखा दिसत राहिला. (पॉलिमर क्लेला लावलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये, असं पाकिटावर बारीक अक्षरात होतं. ते मी नंतर वाचलं. तेव्हापासून मी पोळ्या ओट्यावर लाटते आणि सासूबाईंच्या फोनची वेळ झाली की पोळपाट मागे उभा करून ठेवते, देखाव्यासाठी.)

मला मोगरा करायचा होता. हिरवी बशी आणि काठाला पांढऱ्या मोगऱ्याची रांग. पण सकाळी डब्याच्या भाजीला फोडणी घातलेली बाई दुपारी पांढऱ्या वस्तूला हात लावायला लायक नसते. नखांत हळद, रेघांत हळद. वर पोळपाटाच्या लाकडाने आयुष्यभर जिरवलेली हळद. माझा मोगरा कळीत असतानाच पिवळा पडायला लागला. मी हात साबणाने धुतले, लिंबाने धुतले, व्हिनेगरने धुतले. मोगऱ्याला आता लोणच्याचा वास यायला लागला, रंग तोच.

मिसेस क्वेक दारातून डोकावल्या. न्यू इयरच्या आधीची साफसफाई चालू असल्यामुळे त्या मोकळ्या हाताने कुठेच फिरत नव्हत्या. हातात पिसांचा झाडू होता. न पिवळ्या पडलेल्या एकदोन पांढऱ्या फुलांकडे बोट करून त्या घाबरून म्हणाल्या, "आय्यो, व्हाइट फ्लॉवर कॅनॉट! व्हाइट फ्लॉवर फॉर डेड पीपल, यू नो?"

"अँड धिस?" मी पिवळी दाखवली.

"धिस वन कॅन. गोल्ड कलर. व्हेरी हूआट." म्हणजे भरभराटीचं.

मेलेल्यांचं नाव निघाल्यावर मी चटकन सगळीच फुलं पिवळी केली. एका चिमूट हळदीत काम झालं. मोगऱ्याच्या जागी सोनचाफा झाला. पाकळ्या आखूड होत्या, पण चाफ्याला परदेशात कोण ओळखतंय? फक्त हवेने पाकळ्या माना टाकायला लागल्या. सिंगापूरच्या दुपारी क्लेसुद्धा आळसावतं. म्हणून सगळ्या बशा तिळगुळाच्या डब्याशेजारी फ्रिजमध्ये ठेवल्या. किमया घरी आली, फ्रिज उघडला आणि म्हणाली, "वा, सो मेनी क्वे!" क्वे म्हणजे इथली रंगीत मिठाई. मी ओरडेपर्यंत एका चाफ्याला दात लागले होते.

"मम्मी, धिस क्वे नॉट नाइस."

मी तिचं तोंड उघडलं, टॉर्च लावला, जीभ बाहेर काढायला लावली, पाकिटावरच्या सूचना वाचल्या, इंटरनेट वाचलं आणि संध्याकाळभर तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले. तिला काही झालं नाही. मला मात्र काहीही खाववेना.

भाजायचं काम ती शाळेत असताना काढलं. ओव्हन हलक्या आचेवर ठेवायचा होता. आमचा ओव्हन घरमालकाचा. त्याच्यावरचे आकडे पुसले गेलेले, आणि त्याचा स्वभावही मला माहीत नव्हता, कारण केक करायचा धीर मी कधी केला नव्हता. पहिला घाणा आत टाकला आणि शाळेच्या ॲपवर किमया आज का झोपली नाही ते वाचत बसले. वाचता वाचता घरात धूर झाला. साधा धूर नाही. जळक्या प्लास्टिकचा, घशात बसणारा, पिवळट. छतावरचा अलार्म किंचाळायला लागला. मी स्टुलावर चढले, आणि स्टूल हललं.

त्या क्षणी मला मिस प्रिसिलाचा चेहरा दिसला. यू फॉल डाउन, देन हाउ? मी तशीच स्टुलावरून, एक एक पाय टाकत, अत्यंत सावकाश खाली उतरले आणि अलार्मला खुशाल ओरडू दिलं. तो थांबेपर्यंत मजल्यावरच्या सगळ्या दारांतून सगळी माणसं बाहेर आली होती. मिसेस क्वेक झाडूसकट.

"यू बर्न वॉट?"

"फ्लॉवर्स," मी म्हटलं.

कुणी तरी तक्रार केली असणार. कुणी ते मला कळलं नाही आणि कळून घ्यायचंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी गळ्यात ओळखपत्र घातलेला एक अगदी सभ्य तरुण अधिकारी बघायला आला. बूट काढून आत आला. टेबलावर दुसऱ्या घाण्याच्या बशा मांडलेल्या, पोळपाट, लाटणं, हळद.

"मॅडम, रनिंग होम बिझनेस?"

"नो, नो. गिव्हिंग."

"गिव्हिंग हू?"

"मॅरीड विमेन."

तो थांबला. "ओन्ली मॅरीड?"

"ओन्ली मॅरीड."

"सिंगल कॅनॉट?"

"ॲक्चुअली आजकाल कॅन," मी म्हटलं, कारण या मुलासमोर आपली संस्कृती मागासलेली दिसू नये असं एकदम वाटलं. मग त्याला संक्रांत समजावली. सूर्य मकर राशीत जातो, तीळ उष्ण असतात, बायका एकमेकींना कुंकू लावतात, म्हणून मी प्लास्टिक जाळलं. सांगता सांगता मलाच ते पटेनासं झालं. त्याने सगळं ऐकून घेतलं, खिडक्या उघड्या ठेवा असं नम्रपणे सांगितलं आणि जाताना म्हणाला, "माय मदर ऑल्सो लाइक क्राफ्ट." त्याच्या डोळ्यांत जी करुणा होती ती मी अजून विसरलेले नाही. माझ्याबद्दल होती की त्याच्या आईबद्दल, ते कळलं नाही.

तरी बशा झाल्या. काही तिरप्या, काही करपट काठाच्या, सगळ्या पिवळ्या. पण झाल्या.

रविवारी दुपारी बायका आल्या. मी जरीची साडी नेसले, अत्तरदाणी मांडली, सासूबाईंना फोनमध्ये लावून तिळगुळाच्या डब्याला टेकवलं, आणि कुंकू लावता लावता उमेदवार पारखायला लागले. 

अनघा फोन लगेच उचलते, पण त्यावर ती आधीच कुणाशी तरी तिसऱ्या कुणाबद्दल बोलत असते. त्यात दर दोन महिन्यांनी पुण्याला. शेजारच्या ब्लॉकमधली उल्का हुशार, वन-नॉर्थला कुठल्याशा संशोधन संस्थेत. पण तिचा फोन पर्समध्ये, पर्स चपलांपाशी, आणि किमयाने तिला "आंटी, यू वॉन्ट वॉटर?" विचारलं तर "नंतर, बेटा" म्हणाली. पाणी नंतर म्हणणारी बाई शटर खाली येताना काय करेल?

आणि सुनेत्राताई. वय चोपन्न, पंचवीसेक वर्षं सिंगापुरात, बँकेतून नुकत्याच लवकर निवृत्त. घर शाळेसमोर. कुणाचं पाकीट कुठल्या पोलीस चौकीत मिळेल आणि कुणाच्या मुलाला कुठे ट्यूशन लावावी हे सगळ्या त्यांनाच विचारतात. किमयाच्या बुटाची सुटलेली नाडी त्यांनी न बोलता वाकून बांधली. मी मनात नाव लिहून टाकलं. वाण देऊन होऊ दे, मग स्वयंपाकघरात बोलावून विचारू. काय म्हणायचं तेसुद्धा पाठ केलं होतं: ताई, एक छोटंसं काम होतं.

मी बशा वाटल्या. "घरी केल्यास?" "बाई गं, केवढी हौस!" असं चाललं होतं. अनघाने तिळगुळाचा लाडू त्यात ठेवला, तो मी हसत काढून घेतला.

"हे नक्की कशासाठी?" उल्काने विचारलं.

मी खुलून म्हणाले, "अगं, रात्री झोपताना आपण अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र काढतो ना, ते ठेवायला. इकडेतिकडे पडत नाही."

अनघाचा हात आपोआप स्वतःच्या मंगळसूत्राकडे गेला.

"मंगळसूत्र काढायला?" अनघा म्हणाली.

"वाण म्हणून?" मागून कुणी तरी म्हणालं.

सुनेत्राताईंनी बशी आपल्या तळहातावर उलटसुलट केली. "मधुवंती, सवाष्णींना बोलावून, हळदीकुंकू लावून, मंगळसूत्र काढून ठेवायला भांडं दिलंस तू. हे सुचलं कुणाला?"

"व्हिडिओत..." मी म्हटलं.

"व्हिडिओतल्या बाईला मंगळसूत्र होतं का?"

नव्हतं. इतक्या वेळा पाहिला, पण हे मी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात उल्का, जी मंगळसूत्र घालतच नाही, ती म्हणाली, "हा टोमणा मला होता का? असेल तर सरळ बोल." मी "नाही गं" म्हणेपर्यंत तिळगुळाच्या डब्यापाशी टेकलेला फोन बोलायला लागला.

"माझा मुलगा भर समुद्रात आहे," सासूबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आणि तू मंगळसूत्र काढायच्या बशा वाटतेस."

निशिकांतचा दोन दिवस मेसेज नव्हता. नेटवर्क नसतं तिथे, मला माहीत होतं. पण त्या क्षणी मला ते माहीत असून उपयोग झाला नाही. हळद मी लावली होती, प्लास्टिक मी जाळलं होतं, आणि आता समुद्रही माझ्याच अंगावर आला होता.

कुणाची तरी ट्यूशनची वेळ झाली, कुणाला जुरोंग ईस्टला पोचायचं होतं. सगळ्या निघाल्या. सगळ्यांनी "छान झालं हं" म्हटलं. दार लावल्यावर मी पाण्याचे ग्लास गोळा केले, उरलेला तिळगूळ डब्यात भरला आणि कचरा टाकायला बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये आमच्या चपलांच्या कपाटावर बशा होत्या. एकीवर एक, नीट रचून ठेवलेल्या. एकमेकींना न सांगता ठेवल्या असणार, कारण सगळ्यात खालची पदराखालून हळूच सरकवल्यासारखी जरा तिरकी होती. फक्त मी शेजारी मिसेस क्वेकना नेऊन दिलेली बशी त्यांत नव्हती. ती त्यांच्या दारातून दिसत होती. तिच्यात त्यांनी कानातलं यंत्र ठेवलं होतं.

मी बशा उचलून आत आणल्या. ॲप उघडलं. लाल टिंब तसंच होतं.

बेल वाजली. सुनेत्राताई.

"छत्री राहिली," त्या म्हणाल्या. छत्री त्यांच्या हातात होती.

दोघींनीही छत्रीकडे पाहिलं. मग त्या आत येऊन बसल्या. किमया टीव्हीपाशी होती. त्यांनी आवाज खाली आणला.

"गुरुवारी काय करतेस?"

"काही नाही. का हो?"

"मला हॉस्पिटलात जायचंय. पोटात नळी घालून बघणार आहेत. तुकडा काढणार तपासायला. गुंगी देतात. नंतर एकटीला सोडत नाहीत, त्यांचा नियम आहे. न्यायला माणूस लागतं."

"आणि काका?"

"अभय दुबईला. त्याला कळलं तर तो तिथल्या विमानतळावर रडेल, मग इथल्या. मुलाची टोरांटोत परीक्षा चालू आहे. कुणालाच सांगितलेलं नाही."

"पण ताई, तुमच्या एवढ्या ओळखी! अख्खं हौगांग..."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "अनघाला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत ग्रुपवर हात जोडलेले येतील. तुझं बरं आहे. तुला बोलायला कुणी नाहीच."

अपमान झाला की विश्वास टाकला, हे मला ठरवता येईना. दोन्ही एकाच वाक्यात आले होते. माझी निवड झाली होती, पण गुणांवर नाही. माझ्याकडे गुपित फोडायला माणूस नव्हतं, या पात्रतेवर. 

"येईन," मी म्हटलं.

"किमयाची शाळा सुटायच्या आत मोकळी होशील."

माझं छोटंसं काम तोंडाशी आलं होतं. पण जिच्या पोटाचा तुकडा तपासायला जाणार तिला 'मला काही झालं तर' असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? मी चहा केला. त्यांनी तो अर्धा टाकला.

गुरुवारी हॉस्पिटलात मी त्यांची पर्स मांडीवर घेऊन बसले. कुणी नर्स दारातून आली की उभी राहायचे. नाव दुसऱ्याच कुणाचं निघायचं. दुपार झाली, उशीर झाला. त्यांना बाहेर आणलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्या होत्या, डोळे अर्धे मिटलेले, आणि म्हणत होत्या, "मी पूर्ण शुद्धीत आहे. माझा ओळखपत्राचा नंबर विचारा." कुणी विचारत नव्हतं. निकाल मंगळवारी, असं सांगून आणि काही तास यांना एकटं ठेवू नका असं बजावून त्यांनी आम्हाला सोडलं.

टॅक्सीत बसलो तोच फोन आला. "किमया मम्मी, एव्हरीबडी गो होम ऑलरेडी. हू कमिंग?"

"कमिंग, आय ॲम कमिंग," मी म्हणत होते आणि रस्ता लाल दिव्यांनी भरला होता. शेवटी तेच झालं. मी पडले नव्हते, लिफ्ट अडकली नव्हती, घेरी आली नव्हती. मी फक्त एकीला सोबत म्हणून गेले होते.

"कोण होतं?" सुनेत्राताईंनी डोळे न उघडता विचारलं.

"शाळा. किमयाला न्यायला दुसरं कुणी नाही." आणि मग, त्या निम्म्या झोपेत आहेत असं वाटल्यामुळे, मी सगळं बोलून टाकलं. लाल टिंब, हळदीकुंकू कशासाठी केलं, बशा कशासाठी केल्या, कुणाला पारखलं आणि कुणाचं नाव मनात लिहिलं. 

त्यांनी एक डोळा उघडला.

"मूर्ख आहेस," त्या म्हणाल्या. "नुसतं विचारायचं. प्लास्टिक कशाला जाळलंस?"

शाळेचं शटर अर्धं खाली आलेलं होतं. किमया बेडकाचं दप्तर पाठीला लावून बसली होती, हुबेहूब मी पाहिलेल्या चित्रातल्यासारखी, फक्त तिच्या हातात बिस्किट होतं आणि ती मजेत होती. सुनेत्राताई माझ्या दंडाला धरून, एका बाजूला कलत आत आल्या.

"धिस इज ग्रँडमा, आह?" मिस प्रिसिलाने विचारलं.

"ग्रँडमा?" सुनेत्राताई ताठ झाल्या. "फिफ्टी-फोर! राइट माय नेम. सुनेत्रा. आय विल टेक द चाइल्ड."

"फोटो मस्ट टेक."

"थांबा, केस..." त्या म्हणेपर्यंत फोटो निघाला. एक डोळा मिटलेला, दुसरा छताकडे, मनगटावर हॉस्पिटलचा कागदी पट्टा. मी दुसरा घ्या म्हटलं, तर मिस प्रिसिला म्हणाली, "ॲप ॲक्सेप्ट ऑलरेडी." मग तिने नातं विचारलं. यादीत आजी, आजोबा, हेल्पर, शेजारी, इतर असं काय काय होतं.

"इतर नको," सुनेत्राताई मराठीतच माझ्यावर डाफरल्या. "इतर म्हणजे काय, मी पार्सल आहे का? मावशी लिही."

"आंट," मी सांगितलं. "मदर्स साइड."

किमयाने तो कागदी पट्टा बोटाने फिरवून पाहिला. "आंटी, यू गो पार्टी, आह?"

"हो बाळा. फार पाहुणे होते. वाढलं काहीच नाही."

मिस प्रिसिलाने शेवटची खूण करण्याआधी नियमाप्रमाणे मान वर केली. "सो नेक्स्ट टाइम कॅनॉट रीच मम्मी, वी कॉल आंटी. आंटी शुअर कॅन कम, राइट? ऑल इयर अराउंड?"

सुनेत्राताईंना इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येतं. पण गुंगीचं असेल, त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"ते मंगळवारी कळेल म्हणावं," त्या हळूच म्हणाल्या.

मिस प्रिसिला वाट बघत होती.

"शी सेज कॅन," मी म्हटलं.